पहिलं फळ ठेवलं त्या वर्षी

वहिनी आजारी पडली त्या दुपारी तिच्या ताटात दादाच्या भोपळ्याची भाजी होती, आणि तो भोपळा मी पिकवलेला होता. हे आधीच सांगून टाकतो. वाडीत सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि कुणीही मला त्याबद्दल बोल लावत नाही. लावला असता तर कदाचित हे लिहायला बसलो नसतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा. मालवणच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत आमचं घर आहे. चिऱ्यांच्या गडग्याच्या, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतीच्या, एका बाजूला दादाचं परडं, दुसऱ्या बाजूला माझा होमस्टे: चार खोल्या, आणि पाहुण्यांना जेवायला एक मांडव. माझी बायको बदलीच्या गावी नोकरीला, म्हणून माझं जेवण वर्षानुवर्षं वहिनीच्या हातचं.

त्या भोपळ्याची सुरुवातही माझ्याकडूनच झाली. पुण्याचे पाहुणे झुकिनी मागायचे. मी कोल्हापूरहून बियाण्याचं एक पाकीट आणलं आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या दादाच्या हातात दिलं. पहिल्या वर्षी सगळी झाडं एकसारखी, सगळी फळं एका मापाची. दादाने त्यातलंच बी धरलं आणि पुढच्या थंडीत, भात कापून झाल्यावर, पेरलं. त्या वर्षी परड्यात जत्रा भरल्यासारखं झालं. एक फळ लांब, एक चेंडूसारखं गोल, एक लिंबासारखं पिवळं. एक झाड बसकं राहायच्याऐवजी वेलासारखं गडग्यावर चढलं. मी म्हटलं, बी बिघडलं.

"बिघडला नाय रे," दादा म्हणाला. "आता खंय ता खरा बोलाक लागला."

विकतच्या बियाण्यात दोन घराणी एकत्र बांधलेली असतात, ती पुढच्या पिढीत सुटी होतात, असं तो समजावत होता. मी मांडवाला दिवे लावत होतो. अर्धं ऐकलं.

पुढची कितीतरी वर्षं तो निवडत राहिला. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे दव असं पडतं की पानांवर लगेच भुरी धरते, पीठ शिंपडल्यासारखी. ज्या झाडाला ती धरत नाही, त्याचंच बी तो ठेवायचा. त्यातूनही ज्याचं फळ चवीला बरं, त्याचं. शेवटी फिकट हिरव्या रंगाचा, जाड मानेचा, अंगावर बारीक पांढरे ठिपके असलेला एक भोपळा तयार झाला. आमच्या लाल मातीत आणि दवात तो असा वाढायचा की जणू इथलाच. वाडीत त्याला झुकिनी कोणी म्हणत नव्हतं. 'दादाचो भोपळो' म्हणत.

संध्याकाळी दादा लोकरीचे तुकडे घेऊन परड्यात उतरायचा. उद्या उमलणाऱ्या कळ्या ओळखून त्यांची तोंडं बांधायचा, नराच्याही आणि मादीच्याही. सकाळी मधमाश्या यायच्या आत दोन्ही सोडायचा, नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादीच्या फुलात फिरवायचा आणि मादीचं तोंड पुन्हा बांधायचा. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची, "ओ भटजी, लग्नां लावन झाली काय? चाय निवली!"

"मुहूर्त टळलो तर पोर कोणाचा ता कळाचा नाय गो," दादा खालूनच उत्तर द्यायचा.

एक गोष्ट मात्र वहिनीला त्याची कधीच पटली नाही. आमच्याकडे वेलाचं पहिलं फळ खात नाहीत. ते देवळात देतात, नाहीतर बियाण्याला ठेवतात. दादा प्रत्येक झाडाची पहिली एक-दोन फळं बोटाएवढी असतानाच तोडायचा आणि भाजीला द्यायचा. वहिनी चिडायची. "पयल्या फळाक कोण हात लावता? असलो घो माकाच गावाचो होतो!" दादा हसायचा. तो जन्मभर शिक्षक राहिला. कुणी विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, ही त्याची सवय. आणि का तोडतोस, असं आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

श्रावण संपता संपता, दुपारच्या झोपेत, दादा गेला.

त्या थंडीत त्याचं उरलेलं बी मी पेरलं. आळी केली, शेणखत घातलं, पाणी दिलं. फुलं मात्र बांधली नाहीत. माझा तो मोसमाचा काळ, खोल्या भरलेल्या, आणि खरं सांगायचं तर लोकरीचे तुकडे घेऊन वाकलेला माणूस मला अजून तिथे दिसत होता. त्या जागी आपण वाकायचं हे मला होईना. आणखी एक गोष्ट मी त्याच वर्षी केली होती. कोल्हापूरच्या एका प्रदर्शनातून शोभेच्या भोपळ्यांचं बी आणून ते जेवणाच्या मांडवावर चढवलं होतं. मुठीएवढे, हिरव्या-केशरी पट्ट्यांचे, अंगावर चामखिळी असलेले भोपळे. खाण्याचे नव्हेत. पाहुणे त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढायचे. दादाच्या झाडांना पहिली कळी आली तेव्हा मांडव पिवळ्या फुलांनी भरून गेला होता.

ते भोपळे आणि दादाचा भोपळा एकाच कुळातले आहेत, हे मला माहीत नव्हतं.

पहिलं फळ धरलं त्या सकाळी वहिनी गडग्याशी आली. "भावजी, औंदा पयलो ठेवया. तेंनी कधी ठेवूक दिल्यानी नाय."

मी त्या फळाच्या देठाला तांबड्या चिंधीची गाठ मारली. नंतरची चार-पाच फळंही बियाण्याला सोडली. पिकून कडक झाल्यावर सगळी चुलीवरच्या आढ्याला टांगली. पुढे बी काढलं, राखेत घोळवलं आणि एकाच सुपात वाळवलं. त्या वर्षीचा प्रत्येक भोपळा गोड होता. पाहुण्यांनी खाल्ला, आम्ही खाल्ला. दादाचं एक वाक्य अर्धवट ऐकलेलं होतं: फळ आईचं असतं, बी मात्र दोघांचं. बाहेरून परके पराग आले तरी त्या वर्षीच्या फळाला त्याचा पत्ता लागत नाही. ते आईसारखंच दिसतं, आईसारखंच लागतं. आलेला परका आत बियांत निजून राहतो आणि वर्षभराने उठतो.

दादाच्या वर्षश्राद्धाला काय वाटावं, यावर घरात बोलणं झालं. भांडी नकोत, असं वहिनी म्हणाली. मग मी वाडीतल्या प्रत्येक घरासाठी कागदाची एकेक पुडी बांधली. आत दादाच्या भोपळ्याचं बी. जेवून उठताना माणसं ती कपाळाला लावून घेऊन गेली. ते दृश्य मला अजून दिसतं. घरोघर कडू पोचवायला मी इतका चांगला दिवस निवडला होता.

त्या थंडीत झाडं कधी नव्हे इतकी जोमदार आली. काही फळांवर गडद पट्टा होता, काहींची मान वाकडी. मला वाटलं, दादा असता तर प्रत्येकापाशी उकिडवा बसून बघत राहिला असता. पहिली फळं बियाण्याला ठेवून पुढची तोडणी मी वहिनीकडे दिली. त्या दिवशी खोल्यांत एक मोठं कुटुंब होतं, त्यांच्यासाठीही तीच भाजी करायची होती. पण ते तारकर्लीला बोटीत गेले आणि तिकडेच जेवतो म्हणून त्यांचा फोन आला. मलाही सामान आणायला कुडाळला जावं लागलं. म्हणून भाजी थोडीच झाली आणि ती एकट्या वहिनीने खाल्ली. त्या कुटुंबात दोन लहान मुली होत्या. मी त्यांच्याबद्दल विचार करत नाही. त्या आपणहून येतात.

मी परतलो तेव्हा वहिनी न्हाणीच्या दारात बसून ओकत होती. कुडाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शौचातून रक्त जायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, दुधी, काकडी, असलं काही कडू खाल्लं होतं का? वहिनीने मान हलवून नाही म्हटलं.

घरी येऊन मी टोपातली उरलेली फोड जिभेवर ठेवली. लगेच थुंकली. पाणी प्यालो, मीठ चोळलं, गूळ खाल्ला. जिभेच्या मुळाशी ती चव तशीच चिकटून राहिली. आजही कधीकधी, काही खाल्लेलं नसताना, ती तिथे असते.

वहिनी बोलण्याइतकी बरी झाली तेव्हा मी विचारलं, "वहिनी, इतको कडू. तू गिळलंस कसो?"

तिने तोंड भिंतीकडे केलं. "मगे काय थुकू? तेंचो होतो तो."

पुढे काही आठवड्यांनी तिचे केस जायला लागले. असल्या विषाने असं होतं, परत येतील, असं डॉक्टर म्हणाले. ती सकाळी घरापुढच्या खळ्यात बसून फणी फिरवायची आणि फणीबरोबर झुबके यायचे. मग तिने डोक्यावर पदर घेतला आणि तो खाली येईना. आमच्या माजघरात पणजीचा फोटो आहे, विधवेचं आलवण कपाळापर्यंत ओढलेलं. त्या कापडाखाली काय नव्हतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. नवरा जाऊन दीड वर्ष झालेली वहिनी त्या फोटोखालून डोकं झाकून जायची तेव्हा मी दुसरीकडे बघायचो. शेजारच्या काकीने एकदा तिला सरळच सांगितलं, "गो बाये, ते दिस गेले. घे तो पदर खाली."

"माका थंडी लागता," वहिनी म्हणाली. चैत्राचं ऊन होतं.

पण त्याआधी, ती दवाखान्यात होती तेव्हापासूनच, मी घरोघर फिरायला लागलो होतो. कुणी बी पेरलं होतं, कुणी ठेवलं होतं. मी पुड्या परत मागत होतो आणि ज्यांची झाडं उभी होती त्यांच्या परड्यात जाऊन प्रत्येक झाडाच्या फळाचा कच्चा काप चाखून थुंकत होतो. लोकांनी थट्टाही केली. "श्राद्धाचा दान परत मागणारो तूच पयलो रे!" पण झाडं उपटून दिली. दुसऱ्या कुणी अजून शिजवलं नव्हतं. ते काही माझं कर्तृत्व नव्हे. दादाचं पहिलं फळ म्हणून सगळ्यांनी देवाला नाहीतर बियाण्याला ठेवलं होतं, इतकंच.

काकीची पुडी अर्धी होती.

"बाकीचा खंय गेला, काकी?"

"दिलंय." ती वैभववाडीला लेकीकडे गेली होती. येताना गाडीत शेजारी एक बाई बसली, गप्पा निघाल्या, काकीने मूठभर बी तिच्या पदरात घातलं.

"कोण बाई? खंयची?"

"माका काय ठावक? गोड बोलत होती बिचारी. बी मागल्यान तर नाय म्हणतत काय कोणी? तूच सांग."

नाही म्हणत नाहीत. आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. तेव्हापासून मी कुठल्याही बाजारात गेलो तरी भाजीवालीसमोर थांबतो. फिकट हिरवं, ठिपक्यांचं काही दिसलं की नखाने कोपरा मोडून चाखतो. वैभववाडीच्या बाजारात एक भाजीवाली मला आता ओळखते. "इले बघा," ती बाजूच्या बाईला सांगते. "ओ, भाजी घेतास काय हंयसरच पान वाढू?" अजून कुठे कडू सापडलं नाही. सापडलं नाही याचा अर्थ नाही असा होत नाही.

मला सगळंच जाळून टाकायचं होतं. गोळा केलेलं बी, उभी झाडं, सगळं. न्हाणीच्या चुलीपाशी टोपली घेऊन गेलो तर वहिनी समोर उभी. दवाखान्यातून येऊन तिला आठवडाही झाला नव्हता.

"त्यात कडू आसा," मी म्हटलं. "कुठच्यात आसा ता बघून कळणा नाय."

"आणि तेंचा पण आसा मा? तेंका तुमी दोनदा जाळतालात?"

मी टोपली खाली ठेवली. मग आमच्यात तेवढाच एक प्रश्न उरला. दादाचं बी राहिलं पाहिजे, आणि त्याने पुन्हा कुणी आजारी पडता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकत्र होतील का, हे मला माहीत नव्हतं.

होऊ शकत होत्या. कडूपणाचा एक गुण असा की तो लपून राहत नाही. आई-बापांपैकी एकाकडून जरी आला तरी त्या झाडाचं फळ कडूच होतं. म्हणजे जे झाड गोड, त्याच्या स्वतःत कडू नाही. पण शेजारी कडू झाड उभं असेल तर माशी तिथून उठून इथे बसणार, आणि गोड फळाच्या पोटात पुन्हा तोच परका. म्हणून मी मांडवावर पुन्हा चढवलेले शोभेचे वेल काढले, कडू झाडं मुळासकट उपटली, आणि राहिलेल्या गोड झाडांची फुलं दादासारखी बांधायला बसलो. परड्यात वाकून मला खोकला आला की स्वयंपाकघरातला आवाज थांबायचा. दादाचा आणि माझा खोकला एकसारखा, वडिलांचा.

फुलं बांधण्यासाठी रोज बघायला लागल्यावर एक गोष्ट दिसली. उशिरा लावलेल्या दोन-तीन झाडांना तेव्हाच पहिल्या कळ्या येत होत्या. त्या सगळ्या मादी. प्रत्येकीच्या बुडाशी चिमुकला भोपळा, आणि नर फूल एकही नाही. झाडाचं स्वतःचं पहिलं नर फूल यायला आणखी काही दिवस लागत. एकाच दिवशी पेरलेल्या शेजारच्या झाडांचीही तीच गत असणार. म्हणजे पहिल्या फळाला बाप मिळतो तो बाहेरचाच. त्या वर्षी बाहेर फुललेला होता फक्त माझा मांडव. दादा पहिली फळं का तोडायचा, ते मला त्या सकाळी कळलं.

वहिनीला मी ते सांगितलं नाही. पहिलं फळ ठेवूया, असं तीच म्हणाली होती. तिला वाचवावं म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला बरेच महिने सांगत होतो. आता वाटतं, तेवढंच नव्हतं. मांडव माझा, फुलं न बांधणं माझं, पुड्या माझ्या. हा सगळा दोष मी घरासारखा झाडून-पुसून एकट्याने राहायला घेतला होता. त्यात तिला एक खोली द्यायची माझी तयारी नव्हती.

यंदाच्या थंडीत त्या बांधलेल्या फळांचं बी पेरलं. झाडं कळीवर आली तेव्हा एका संध्याकाळी वहिनी पाट घेऊन परड्यात उतरली. डोकं उघडं. केस परत आले आहेत, आखूड आणि आधीपेक्षा पांढरे. "शिकवा माका," म्हणाली.

मी लोकर दिली. मादी कशी ओळखायची ते दाखवलं. तिने एक झाड पाहिलं, मग दुसरं.

"हेका नवरो खंय आसा?"

"अजून येवक नाय."

"शेजारच्याक?"

"तेकाय नाय. चार दिवसांनी येतलो."

ती तिसऱ्या झाडापाशी गेली. पानं बाजूला करून बुडापर्यंत पाहिलं. मग उठून उभी राहिली आणि गडग्यापलीकडे, मांडवाचे रिकामे बांबू आहेत तिकडे बघत राहिली. तिला आता काय विचारायचं आहे ते मला कळलं, आणि मी खाली मातीकडे पाहिलं.

"मगे त्या वर्षी पयल्याचा लगीन कोणी लावल्यान?"

मी आळ्यातलं तण उपटायला लागलो.

"भावजी, तुमका कधीपासून ठावक?"

"तू दवाखान्यातून इलंस, त्या नंतर."

"आणि वर्षभर गप रवलात. तेंनीय सांगल्यानी नाय, तुमीय सांगलात नाय. मी या घरात कोण? नुसती रांधूक?"

लोकर पाटावर ठेवून ती वर गेली. दुसऱ्या दिवशी ताट वाढलं, पण बोलली नाही. त्यानंतरही काही दिवस नाही. मी एकटाच फुलं बांधत राहिलो. प्रत्येक फुलाशी वाटायचं की एखादी मुंगी, एखादी माशी आत गेलीच असेल.

या झाडांची फळं खाण्याजोगी झाली त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे सुरी घेऊन उतरलो. प्रत्येक झाडाचं एक फळ, एक कच्चा काप, चाखायचा, थुंकायचा. पहिलं फळ कापलं तर वहिनी मागे उभी होती. तिने हात पुढे केला.

"माका दे." इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा एकेरी हाक मारली. मी लग्नात तिच्यापुढे हाफ पँटीत नाचलेला दीर, तरी ती कायम तुम्ही म्हणत आली.

"नको वहिनी. डॉक्टरांनी..."

"डॉक्टर हय नाय आसा. पयलो माझ्या सांगण्यान ठेवलो, मगे चाखूचोय मीच. तू एकट्यान किती चाखतलंस?"

मी काप दोन केले. तिने अर्धा घेतला, माझ्याआधी तोंडात घातला आणि सावकाश चावायला लागली. मी माझा अर्धा हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिचा जबडा थांबला, पुन्हा हलला. ती थुंकत नव्हती. मला तिच्या घशाची हालचाल दिसली आणि माझ्याच जिभेच्या मुळाशी ती चव चढली, खरी की आठवणीतली, ते सांगता येणार नाही.

"वहिनी?"

"गोड आसा," ती म्हणाली. आणि पुढच्या झाडापाशी जाऊन, माझी वाट न बघता, पानं बाजूला करायला लागली.